वैमानिकाचे वय आणि वैमानिकाचे हृदय

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी मुंबईच्या जुहू विमानतळावर जुन्या बनावटीचे एक चिमुकले विमान उतरले. ते कराचीहून अहमदाबादमार्गे आले होते आणि ते चालविणारे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, याच मार्गाने टपालाच्या थैल्या घेऊन ते 'पस मॉथ' विमानातून जुहूलाच उतरले होते आणि भारतातील नागरी हवाई वाहतुकीचा प्रारंभ झाला होता. जे. आर. डी. टाटा यांच्या त्या सुवर्णमहोत्सवी उड्डाणाचे, या वेळी 'लेपर्ड मॉथ'मधून केलेल्या, कौतुक तेव्हा सर्वत्र झाले आणि ते योग्यच होते.

वाचकहो, या प्रसंगात दडलेली एक विसंगती मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या गृहस्थांनी या देशाला विमान कंपनी दिली, त्यांना त्या दिवशी कंपनीच्या प्रवासी विमानात मुख्य वैमानिक म्हणून बसण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांनी दिली नसती. साठी उलटली की ते आसन सोडावे लागे. छोट्या विमानाला मात्र तो नियम लागू नव्हता, आजही नाही. खाजगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षी मिळू शकतो आणि त्याला वरची वयोमर्यादाच नाही. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होत राहिले की झाले. ऐंशीचे आजोबा आपल्या नातवंडांना शेजारी बसवून कायद्याने उडू शकतात. पैसे घेऊन नेलेल्या परक्या प्रवाशांच्या बाबतीत मात्र कायदा वयाचा दाखला मागतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान अठरा वर्षे, मोठ्या विमान कंपनीत मुख्य वैमानिक होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याला किमान एकवीस, आणि वरची मर्यादा पासष्ट.

एकच शरीर, एकच हृदय, एकच दृष्टी. मग हा भेद का? आणि साठ किंवा पासष्ट हेच आकडे का? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की आपण विमानतळावरून नकळत आपल्या घरात येऊन पोहोचतो. म्हणून या पाक्षिकात हा विषय.

साठ या आकड्याचा जन्म वैद्यकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो अमेरिकेत १९५९ साली, बऱ्याच अंशी एका कार्यालयीन तंट्यातून झाला. जेट विमाने नुकतीच येऊ लागली होती. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीला आपल्या वयस्कर वैमानिकांना साठाव्या वर्षी निवृत्त करावयाचे होते. वैमानिकांच्या संघटनेला ते मान्य नव्हते आणि लवादाचा निर्णय कंपनीच्या विरोधात गेला. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांनी विमान वाहतुकीच्या नव्या सरकारी यंत्रणेचे प्रमुख एलवूड क्वेसाडा यांना पत्र लिहून वयोमर्यादेचा विषय काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नियम झाला आणि मार्च १९६० पासून तो अमलात आला. पुढे १९६१ मध्ये क्वेसाडा त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. वाचकांनी याचा अर्थ आपापल्या परीने लावावा.

तथापि नियमामागील वैद्यकीय भीती खोटी नव्हती. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात कोणाला केव्हा येईल, हे सांगण्याचे साधन त्या काळी वैद्यकापाशी नव्हते. वय वाढते तसा हा धोका वाढतो, एवढेच निश्चित ठाऊक होते. जे मोजता येत नाही त्याच्या जागी, जे मोजता येते ते ठेवण्यात आले, आणि वय मोजणे सर्वांत सोपे.

१९८१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ समितीने हा प्रश्न पुन्हा तपासला. साठच काय, अन्य कोणत्याही विशिष्ट वयाला सक्तीच्या निवृत्तीसाठी खात्रीलायक वैद्यकीय आधार सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही समितीने मर्यादा तत्काळ उठविण्याची शिफारस केली नाही, कारण तिच्या जागी ठेवण्याजोगी पक्की चाचणीही हाती नव्हती. त्यानंतर हा आकडा हलण्यास पाव शतक लागले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर २००६ मध्ये मर्यादा पासष्टवर नेली. मात्र साठी ओलांडलेल्या मुख्य वैमानिकाच्या शेजारी साठीच्या आतील वैमानिक हवा, अशी अट घातली. ही जोडीची अट २०१४ मध्ये निघाली. अमेरिकेत पासष्टचा कायदा १३ डिसेंबर २००७ रोजी स्वाक्षरी होताच लागू झाला. आदल्या दिवशी ज्यांची साठी भरली त्यांची कारकीर्द संपली, आणि ज्यांची दुसऱ्या दिवशी भरणार होती त्यांना आणखी पाच वर्षे मिळाली. एका रात्रीत कोणाच्या हृदयात एवढा फरक पडतो?

जपानने २०१५ मध्ये मर्यादा सदुसष्टपर्यंत वाढविली. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा येथे देशांतर्गत उड्डाणांसाठी वरची मर्यादाच नाही, तपासणी मात्र आहे. अमेरिकेतही सदुसष्टचा प्रस्ताव आला होता, पण २०२४ च्या कायद्यात तो टिकला नाही. भारतात पासष्टच.

आता शरीराकडे वळू. वय वाढताना वैमानिकाच्या बाबतीत नेमके काय उणावते? जवळचे दिसणे कमी होते. त्याला आपण चाळिशी म्हणतो आणि तिच्यावर चष्मा हा सोपा उपाय आहे. अंधारात डोळ्यांना सरावण्यास अधिक वेळ लागू लागतो आणि समोरचा झगमगाट अधिक त्रास देतो. उंच पट्टीतील आवाज प्रथम हरवतात. एकाच वेळी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवून काम करण्याची शक्ती मंदावते: नियंत्रण कक्षाने सांगितलेली उंची, दिशा आणि रेडिओ लहरींचा आकडा एकदम ऐकून अचूक परत म्हणून दाखविणे तरुणाला जितके सहज, तितके साठीच्या माणसाला नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या ११८ वैमानिकांना तीन वर्षे दरवर्षी सिम्युलेटरवर, म्हणजे कृत्रिम विमानकक्षात बसवून तपासले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रारंभी ज्येष्ठांचे गुण कमी होते. पुढील वर्षांत मात्र समोरून येणारे विमान टाळण्यासारख्या कामगिरीत त्यांची घसरण तरुणांहून कमी झाली, आणि वरच्या श्रेणीचे परवाने व प्रशिक्षण असलेल्यांनी अधिक चांगली कामगिरी केली. अनुभव वयाची सर्व वजाबाकी भरून काढत नाही, बरीचशी काढतो. जानेवारी २००९ मध्ये दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवून सर्व १५५ जणांना वाचविणारे कॅप्टन सलनबर्गर सत्तावन्न वर्षांचे होते.

विमान वैद्यकाने या साऱ्यातून वाट काढली ती एका साध्या हिशेबाने. तो 'एक टक्क्याचा नियम' म्हणून ओळखला जातो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. समजा, एखाद्या वैमानिकाला वर्षभरात अचानक अकार्यक्षम करणारा आजार होण्याची शक्यता शंभरात एक आहे. वर्षात सुमारे दहा हजार तास असतात. म्हणजे कोणत्याही एका तासात ही शक्यता दहा लाखांत एक झाली. विमानाला खरा धोका उड्डाण आणि उतरणे या मोजक्या मिनिटांत असतो. तासाभराच्या प्रवासात तो काळ सुमारे एक दशांश. आणि त्या मोजक्या मिनिटांतही शेजारी दुसरा प्रशिक्षित वैमानिक बसलेला असतो. शंभरातील नव्याण्णव वेळा तो विमान सावरतो असे धरतात. या साऱ्यांचा गुणाकार केला की अपघाताची शक्यता शंभर कोटी तासांत एक एवढी सूक्ष्म होते. म्हणून दोन वैमानिकांच्या विमानात एक टक्क्यापर्यंतचा धोका स्वीकारार्ह मानतात.

या हिशेबात वय कोठेच नाही, हे ध्यानात घ्या. वय हा त्या एक टक्क्यापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग आहे. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल हे दुसरे मार्ग, आणि ते अधिक वेगवान आहेत. हे सारे एकत्र आले की पंचेचाळिशीतील माणूसही निरोगी बासष्टच्या माणसाच्या पुढे निघून जातो. आपल्या देशात हृदयविकार पाश्चात्त्यांच्या तुलनेत लवकर गाठतो, हे तर आपण आपल्या नात्यागोत्यातच पाहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणासाठी निघालेले एक वैमानिक विमानात बसण्यापूर्वीच कोसळले आणि वाचू शकले नाहीत. त्यांचे वय अवघे चाळीस होते.

हिशेबातील खरा आधार कोणता, हे दोन घटनांतून स्पष्ट होते. योगायोगाने दोन्हींची तारीख १८ जून आहे, आणि दोन्ही विमानांचा संबंध ब्रुसेल्स शहराशी आहे.

१८ जून १९७२. लंडनहून ब्रुसेल्सला निघालेले ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे ट्रायडेंट विमान उड्डाणानंतर तीन मिनिटांच्या आत स्टेन्स गावाजवळ कोसळले. ११८ जण होते. कोणीही वाचले नाही. पंखांच्या पुढील कडेचे भाग, जे कमी वेगात विमानाला तोलून धरतात, ते वेळेआधीच आत ओढले गेले होते. एक्कावन्न वर्षांच्या कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्यांचा पुढे गेलेला विकार आढळला. मृत्यूपूर्वी दोन तासांच्या आत रोहिणीच्या भित्तीला चीर गेल्याचेही दिसले. उड्डाणापूर्वी कर्मचारी कक्षात त्यांचा एका सहकाऱ्याशी संपाच्या विषयावरून कडाक्याचा वाद झाला होता. नियमित तपासणीत हा विकार लक्षात आलेला नव्हता. शेजारी बसलेला सहवैमानिक बावीस वर्षांचा, नवशिका होता. कक्षात आणखी दोघे होते. पण कॅप्टन चुकत आहे किंवा त्याला बरे वाटत नाही, हे ओळखून वेळेत हस्तक्षेप करणे कोणालाही जमले नाही. वयाची साठ वर्षांची मर्यादा येथे काहीच करू शकली नसती.

१८ जून २००९. ब्रुसेल्सहून अमेरिकेतील नेवार्कला निघालेल्या कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या विमानात २४७ प्रवासी होते. अटलांटिकवर असताना साठ वर्षांच्या कॅप्टनचे आसनावरच निधन झाले. प्रवाशांत कोणी डॉक्टर आहे का, अशी विचारणा झाली; प्रयत्न झाले, पण यश आले नाही. उरलेल्या दोन सहवैमानिकांनी विमान नियोजित विमानतळावर सुखरूप उतरविले. काय घडले हे बहुतेक प्रवाशांना उतरल्यावर कळले.

या सदतीस वर्षांत हृदय बदलले नाही. बदलली ती शेजारच्या माणसाची शिकवण. आता सहवैमानिकाला प्रशिक्षणातच सांगितले जाते की सहकाऱ्याने दोनदा हाक मारूनही योग्य उत्तर दिले नाही, तर तो अकार्यक्षम झाला असे समजून विमान आपल्या हाती घ्यावे. ज्येष्ठतेचा मुलाहिजा ठेवू नये. (जाता जाता: उड्डाणात वैमानिक आजारी पडण्याचे सर्वांत सामान्य कारण हृदय नव्हे, पोट आहे. म्हणूनच अनेक कंपन्यांत दोघा वैमानिकांना निरनिराळे जेवण देतात. एका पातेल्यातील उसळ दोघांना बाधली तर पंचाईत व्हावयाची.)

दुसरा आधार तपासणीचा. व्यावसायिक वैमानिकाची संपूर्ण तपासणी दरवर्षी होते आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी. पन्नाशीनंतर हृदयालेख, म्हणजे ईसीजी, दरवर्षी काढावाच लागतो. खाजगी वैमानिकाला आंतरराष्ट्रीय मानकांनुसार चाळिशीपर्यंत पाच वर्षांतून एकदा, पुढे दोन वर्षांनी आणि पन्नाशीनंतर दरवर्षी तपासणीस जावे लागते. रक्तदाब, दूरची व जवळची दृष्टी, रंगज्ञान, श्रवण, लघवीतील साखर असे त्याचे स्वरूप असते. यांत महागडे असे फारसे काही नाही. खरी किंमत सातत्याची आहे: यंदाचा आकडा गतवर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहणारे कोणीतरी आहे.

तिसरा आधार सर्वांत नाजूक, आणि माझ्या मते येथेच सारी व्यवस्था वारंवार अडखळते. तपासणी करणाऱ्या डॉक्टरपाशी रुग्ण सहसा मन मोकळे करण्यास जातो. वैमानिक मात्र परवाना गमावण्याच्या भीतीने जातो. छातीत दोनदा कळ आली हे सांगितले तर उद्यापासून घरी बसावे लागेल, गृहकर्जाचे हप्ते थांबणार नाहीत. मग तो सांगत नाही. २४ मार्च २०१५ रोजी फ्रान्सच्या डोंगरात जर्मनविंग्जचे विमान हेतुपुरस्सर आदळविणारा सहवैमानिक सत्तावीस वर्षांचा होता. मनाचा आजार त्याने कंपनीपासून लपविला होता. विमानातील दीडशे जीव गेले. तेथेही वयाची कोणतीही मर्यादा उपयोगी पडली नसती.

यावर उपाय म्हणून गेल्या काही दशकांत नियम कठोर होण्याऐवजी समंजस होत गेले आहेत. हृदयात स्टेंट बसविलेला किंवा बायपास झालेला वैमानिक पूर्वी कायमचा बाद होई. आता काही महिन्यांच्या विश्रांतीनंतर, कसून तपासणी करून, दुसऱ्या वैमानिकाच्या सोबतीच्या अटीवर अनेक देशांत त्याला परत घेतात. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही वैमानिकांना २०१२ पासून ब्रिटनने, सतत साखर मोजण्याच्या अटीवर, व्यावसायिक उड्डाणाची परवानगी दिली. सांगितले तर सर्वस्व जात नाही, असा विश्वास वाटला की माणसे बोलतात.

वाचकहो, आता आपल्या घराचा उंबरठा ओलांडू. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक ज्येष्ठ वैमानिक आहे. त्याचे विमान म्हणजे अंगणातील मोटार किंवा दुचाकी. आपला मोटार कायदाही खाजगी वैमानिकाच्या नियमासारखाच आहे. खाजगी वाहन चालविण्यास वरची वयोमर्यादा नाही. पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावा लागतो आणि सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते प्रमाणपत्र आपल्याकडे कसे मिळते, हे मी सांगावयास नको.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांच्या मुलांनी वडिलांच्या पंचाहत्तरीनंतर एके दिवशी मोटारीच्या किल्ल्या कपाटात कुलूपबंद केल्या. चर्चा नाही, तपासणी नाही. 'बाबा, आता वय झालं' एवढेच. शिक्षकांनी दोन महिने कोणाशी धड संभाषण केले नाही. पुढे नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर कळले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात हे त्यांना वर्षभर जाणवत होते, पण सांगितले तर किल्ल्या जातील म्हणून ते गप्प होते. शस्त्रक्रिया झाली. आज ते दिवसा, आपल्या वस्तीच्या परिसरात मोटार चालवितात. रात्री आणि महामार्गावर नाही. ही अट त्यांनी स्वतःच घालून घेतली आहे.

आपल्या घरी असा प्रश्न उभा राहिला, तर वर्षांची मोजदाद बाजूस ठेवून काही गोष्टी पाहाव्यात. संध्याकाळी त्यांचे वाहन चालविणे बदलले आहे का? मागे पाहण्यासाठी मान पूर्ण वळते का? परिचित रस्त्यावर वळण चुकते का? गेल्या सहा महिन्यांत गाडीवर नवे ओरखडे आले आहेत का? रक्तदाबाची किंवा झोपेची नवी गोळी सुरू झाली आहे का, आणि उभे राहताना घेरी येते का? सर्दीची साधी गोळीही विसरू नये. गुंगी आणणारी ही औषधे घेऊन उड्डाण करण्यास वैमानिकांना मनाई असते. आपण मात्र ती घेऊन निःशंकपणे स्कूटर सुरू करतो.

शक्य असेल तर त्यांच्या शेजारच्या आसनावर बसून एकदा मंडईपर्यंत जाऊन यावे. आणि त्यांची तपासणी ठरविताना आपलीही त्याच दिवशी ठरवावी. घरातील चाळिशीच्या कर्त्या माणसाचा रक्तदाब पाच-पाच वर्षे कोणी मोजलेला नसतो. मुलांना शाळेत सोडून रोज सकाळी महामार्गावर भरधाव जाणारा तोच असतो.